ओल्ड गोव्याचं बॉम जीझस चर्च लाल का आहे? (गाईड म्हणतो पैसे संपले)

सुपारी_अडकित्ता:
नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात गोव्याला जाऊन आलो, मी, नवरा, सासूबाई आणि आमचं शेंडेफळ, वय वर्षं ९ आणि तोंड अखंड चालू. सासूबाईंना बीचबिच काही नको होतं, त्यांना 'त्या सायबाचं', म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं शव जिथे ठेवलंय ते चर्च बघायचं होतं, कारण माहेरी त्यांच्या शेजारच्या काकू दर डिसेंबरला फेस्ताला (तिथल्या जत्रेला) जायच्या आणि येताना यांच्यासाठी खाजं आणायच्या, ते खाजं त्यांच्या अजून जिभेवर आहे. तर गेलो. रस्त्याच्या पलीकडे से कॅथेड्रल आणि बाकीची चर्चेस पांढरीशुभ्र, आणि अलीकडे हे बॉम जीझस एकदम लालतपकिरी, दगड उघडा. आमच्या दिवट्याने पहिला प्रश्न टाकला, आई याला रंग द्यायचा राहिला का? आमच्या गाईडने सांगितलं की बांधता बांधता पैसे संपले म्हणून प्लास्टर झालं नाही. सासूबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, वर शेंड्यापर्यंत नक्षी कोरायला पैसे होते आणि चुन्याला नव्हते होय.
आता मलाही ते पटेना. कोणाला खरं माहितीये का? आणि दुसरं म्हणजे ती सायबाच्या शवाची पेटी इतक्या उंचावर आहे की काचेतून नीट काही दिसलंच नाही, नेहमी असंच असतं का? जाता जाता, पोरगं भिंतीला टेकून उभं होतं, त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाठीला लाल भुकटी लागलीये, दोन धुण्यात गेली नाही.

पणजीचा_पाऊस:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, गाईडपेक्षा त्या शहाण्या निघाल्या :) चर्चला चांगला जाड चुन्याचा गिलावा होता आणि तो जवळजवळ साडेतीनशे वर्षं होता. बांधकाम सुरू झालं १५९४ ला, मे १६०५ मध्ये आर्चबिशप मेनेझिसच्या हस्ते त्याचा अभिषेक झाला, तेव्हापासून ते इतर चर्चेससारखंच पांढरं. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून बाल्ताझार कास्त्रो नावाचा आर्किटेक्ट आला, जुन्या इमारतींच्या डागडुजीतला तिकडचा मोठा माणूस, त्याने गिलावा खरवडून काढायला लावला. त्या काळात पोर्तुगालमध्ये फॅशनच होती ती, जुन्या चर्चचा चुना काढा, आतला दगड दाखवा म्हणजे ते 'खरं प्राचीन' दिसतं. तिकडे ग्रॅनाइट आहे हो, खपून जातं. इथे आतून निघाला जांभा.
त्याआधीचे जुने काळेपांढरे फोटो नेटवर सापडतात, त्यात बघा, ओळखूच येत नाही. आता गंमत अशी की जे लाल रूप जगभरच्या लोकांना जुनं वाटतं ते जेमतेम सत्तर वर्षांचं आहे, आमचे आजोबा लग्नानंतर आजीला घेऊन गेले होते तेव्हा ते पांढरंच होतं.

चिरेखाणवाला:
मी सावंतवाडीकडचा, घरचा धंदा चिऱ्याच्या, म्हणजे याच जांभ्याच्या, खाणीचा, म्हणून राहवत नाही. ताई, शर्टावरची भुकटी म्हणजे ते चर्चच आहे हो, थोडं तुम्ही घरी घेऊन आलात. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की टणक होत जातो, पण भोकं भोकं असतात त्याला आणि पाणी पितो. आमच्याकडे पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, चार महिने भिंत ओली, मग शेवाळ, मग उन्हाने सुकते, परत ओली, असं चालू राहिलं की वरचा पापुद्रा सुटून भुगा व्हायला लागतो. माझे आजोबा म्हणायचे, चिरो उघडो ठेवू नये, पावसात तो पाणी पिता. हल्ली बंगलेवाले हौसेने चिरा उघडा ठेवतात, वरून पॉलिश मारतात, आणि पाच वर्षांनी भिंतीतून ओल येते म्हणून मलाच फोन करतात.
आणि कोणी सिमेंटचं प्लास्टर करा असं सुचवायच्या आधी सांगतो, सिमेंट नको. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आतली ओल बाहेर पडते, सिमेंटमागे पाणी अडकलं की चिरा आतून कुजतो. जुना चुना शिंपल्या भाजून करायचे, तो करणारे गवंडी आता शोधावे लागतील एवढंच.

रंगीत_चष्मा:
माझं मत वेगळं, राग मानू नका. लालच छान दिसतं. सगळी पांढरी चर्चेस एकसारखी वाटतात, हे एकच वेगळं उठून दिसतं, संध्याकाळचं ऊन पडलं की बघा. आता परत चुना फासला तर लोक म्हणतील हेरिटेजची वाट लावली.

वसईकर_पोऱ्या:
लाल-पांढऱ्याच्या भांडणात काळ्याला कोणी विचारतच नाही 😄 समोरची बाजू नीट बघितलीत का? सगळा जांभा नाहीये तो. खांब, कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, वरची नक्षी हे सगळं काळसर घट्ट दगडात, म्हणजे बसाल्टमध्ये आहे आणि तो दगड आमच्या वसईचा, इथून गलबतातून समुद्रमार्गे तिकडे नेलेला. पोर्तुगीजांमध्ये त्याला नावच होतं वसईचा दगड. कारण वर चिरेखाणवाल्यांनी सांगितलंच, जांभ्यात बारीक नक्षी कोरता येत नाही, कड टिकत नाही. बसाल्टमध्ये ४०० वर्षांनी पण धार तशीच आहे.
पुढच्या वेळी गेलात की खालून वर बघत जा. खाली तीन दरवाजे, त्याच्यावर तीन उभ्या चौकोनी खिडक्या, त्याच्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यात वर मधोमध नक्षीच्या चौकटीत आय एच एस ही अक्षरं, म्हणजे येशूच्या नावाची ग्रीकमधली सुरुवात आणि जेझुइट लोकांची (हे चर्च बांधणाऱ्या ख्रिस्ती संघाची) खूण. पुढे मनोरा नाही, घंटेचा मनोरा मागच्या अंगाला आहे, म्हणून समोरून ते पत्र्यात कापल्यासारखं सपाट दिसतं. आम्ही लहानपणी वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या कमानीखाली क्रिकेट खेळायचो, तिथले कोरीव दरवाजे आणि हे, दगड एकाच जातीचा. किल्ल्यातल्या चर्चेसना आता छप्पर पण नाही आणि त्याच दगडाला तिकडे जगभरचे लोक कॅमेरा लावतात.

बखरीचा_किडा:
चर्चचा विषय निघालाच आहे तर मराठ्यांचा संबंध पण सांगतो. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं, म्हणजे शहर अगदी हाताशी आलं होतं. व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर इतका घाबरला की तो बॉम जीझसमध्ये गेला, झेवियरची पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकाराचा दंडच त्या शवाच्या हातात दिला, आता तूच सांभाळ म्हणून. पुढे मराठे मागे फिरले. पोर्तुगीज म्हणाले सायबाचा चमत्कार. खरं कारण म्हणजे औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोगल फौज घेऊन रामघाटाने खाली उतरत होता, महाराजांना दोन आघाड्या परवडणाऱ्या नव्हत्या. तेव्हापासून नवीन व्हाइसरॉयने त्या कबरीपाशी जाऊन दंड स्वीकारायचा अशी प्रथाच पडली.

पणजीचा_पाऊस:
@बखरीचा_किडा भारी. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, शाह आलमला पाठवला कोणी मग? :)
@सुपारी_अडकित्ता पेटीचं राहिलंच. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले, तिथून शव मलाक्काला आणि १५५४ मध्ये गोव्यात. बॉम जीझसमध्ये ते नंतर आलं, १६२२ ला संतपद मिळाल्यावर. चांदीची पेटी १६३७ ची, ती गोव्यातल्या सोनारांनी घडवलेली आहे, बाजूने पत्र्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग ठोकून काढलेत, हे कोणी सांगतच नाही आणि सगळे खालच्या इटालियन संगमरवराचंच कौतुक करतात. तो चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने पाठवला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फॉजिनी दहा वर्षं त्यावर खपत होता, तुकडे जहाजाने आले आणि १६९८ ला इथे जोडले. ड्यूकला बदल्यात काय मिळालं तर सायबाच्या डोक्याखालची उशी! म्हणजे उंचावर पेटी बसली ती या चौथऱ्यामुळे, म्हणून एरवी खालून काही दिसत नाही. नीट दर्शन दहा वर्षांतून एकदा, तेव्हा शव खाली उतरवून समोर से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ झालं, म्हणजे पुढचं २०३४.
आणि @रंगीत_चष्मा तुमचं संध्याकाळचं ऊन मान्य, मीही त्यासाठी गाडी थांबवलीये. पण इथे रोज मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) होते, लोक नवस फेडायला मेणाचे हातपाय घेऊन येतात, त्यांच्यासाठी ते देऊळच आहे. देवळाचा कळस गळत असताना रंग छान दिसतो म्हणून आपण थांबू का? ओल्ड गोव्याची ही चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशात आहेत म्हणजे पटकन काही होणार नाही हे मलाही कळतं, पण गिलावा परत लावा ही मागणी इथल्याच भाविकांकडून होतेय, आणि पावसाळ्यात एकदा आत येऊन बसा म्हणजे कळेल का ते.

रंगीत_चष्मा:
कळसाची उपमा दिलीत, आता काय बोलणार. पण एक भिंत तरी लाल ठेवा राव.

चिरेखाणवाला:
एक भिंत ठेवा म्हणे. कुठली कुजवायची ते तुम्ही निवडा.

सुपारी_अडकित्ता:
बापरे, एवढं सगळं निघेल असं वाटलं नव्हतं. फोटो झूम करून बघितले, काळा दगड खरंच वेगळा दिसतोय, आणि दाराशेजारी काळ्या खांबाची कड सुरीसारखी आहे पण त्याला चिकटून असलेला लाल चिरा वाटीसारखा आत गेलाय, तिथे उभं राहून दिसलं नव्हतं. चिरंजीवांनी जाहीर केलंय की शर्ट आता धुवायचा नाही, त्यावर चर्च आहे. सासूबाईंनी २०३४ ऐकून बोटावर हिशेब केला, ८१ होतात, म्हणाल्या तोपर्यंत कोण थांबणार, फेस्ताला जाऊन येऊ. तर पणजीचा_पाऊस, फेस्ताला नक्की कधी यायचं आणि गर्दी किती असते?

पणजीचा_पाऊस:
३ डिसेंबर, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. फेस्ताच्या दिवशी वयस्कर माणसांना घेऊन येऊ नका, गाडी लांब लावून बरंच चालावं लागतं. नोव्हेनात मधल्या वारी पहाटेच्या मिस्सेला या, फेरी (जत्रेतली दुकानं) तेव्हाच लागलेली असते, खाजं तिथेच मिळेल, आल्याचं वेगळं मागा.