स्थळांतली उंचीची अट, आणि ताम्हिणीत डोलणारी गाडी

कोथरूडकर३१:
माझी उंची ५ फूट ५ इंच. विवाहमंडळाच्या फॉर्मवर तेवढीच लिहितो, चपला काढून मोजलेली. दोन वर्षांत बहुतेक स्थळांकडून एकच निरोप आला: 'मुलगा चांगला आहे, पण उंची कमी पडते.' एका घरी पोहे संपायच्या आत मुलीच्या मावशींनी 'जरा हिच्याशेजारी उभे राहता का?' म्हणून मला उठवलं. मुलगी नुसती बशीकडे बघत बसली. १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंमीच्या आसपास भरते, म्हणजे मी बरोबर मधला. सगळ्यांना ५ फूट १० इंचांचाच जावई हवा, तर तो आणायचा कुठून? न भेटता नुसत्या आकड्यावर नकार देणं चूकच आहे.

दुसरं, गाडीचं. उंच एसयूव्ही घेतलीय. रविवारी ताम्हिणीत प्रत्येक वळणावर अशी कलायची की आई मागे हँडल धरूनच बसली. एवढं चालतं का?

सासवडची लेक:
मावशींचं वागणं वाईटच. पण अट मुलीची स्वतःची असेल तर ती चूक कशी? मी ५ फूट ७ इंच. शाळेपासून 'जिराफ' ऐकत आले. नवरा बुटका मिळाला की लग्नाच्या फोटोपासून टोमणे मलाच. आणि मुलांच्या बायोडेटात 'गोरी, सडपातळ' असतं त्याचं काय?

घाटमाथा:
आधी गाडी. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, थोडी झुकणारच. ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नको. टायरची हवा बघा, किती हवी त्याचा स्टिकर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर असतो. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांचं अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांची दिशा नीट करून घ्या; ८०-१०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे वजनाचा समतोल. खड्ड्यात खडखड येत असेल तर लिंक रॉड आणि बुश, म्हणजे सस्पेन्शनचे भाग, दाखवून घ्या.
उंचीबद्दल ताईंशी सहमत नाही. लोक बोलतील म्हणून माणूस नाकारला, तर निवड लोकांनी केली. माझी बायको माझ्याहून दोन इंच उंच आहे, १४ वर्षं झाली लग्नाला.

सासवडची लेक:
दादा, तुमचं जमलं, आनंद आहे. पण ते बोलणं चौदा वर्षं वहिनींनी ऐकलं असेल, तुम्ही नाही. घरी विचारून बघा. मला ते नकोय, म्हणून आधीच लिहिते. कुणाला घरी बोलावून, पोहे खायला घालून मग नाही म्हणण्यापेक्षा ते बरं.

कोथरूडकर३१:
हवा तपासली. मागच्या दोन्ही टायरांत २४ होती, स्टिकरवर ३३ आहे. भरून भूगावपर्यंत जाऊन आलो, डोलणं बरंच कमी झालंय. अलाइनमेंट शनिवारी.
ताई, 'गोरी'चं तुमचं म्हणणं खरं आहे. माझ्या फॉर्मवरही आईने ते लिहिलं होतं. काल मंडळात जाऊन खोडून आलो. उंचीचं मात्र अजून पटत नाही. ५ फूट ७ च्या मुलीकडे मी नक्की गेलो असतो.