बोटीवरचा डबा कुणाच्या बाजूचा?

नाखव्याचा मुलगा, हर्णै

गेल्या महिन्यात आमच्या बोटीवर ट्रान्सपाँडरचा डबा बसला. वडील खूश, आई त्याहून खूश. मीही विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: इस्रोने बनवलेलं हे यंत्र उपग्रहावरून चालतं, मोबाईलची रेंज लागत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला ही योजना सुरू झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख मासेमारी नौकांवर ते बसवायचं ठरलंय. बोट अडचणीत आली तर किनाऱ्याला खबर जाते, वादळाचा इशारा किनाऱ्यावरून बोटीत येतो, सागरी हद्द जवळ आली की सूचना मिळते. मासा कुठे असण्याची शक्यता आहे तेही कळतं.

बसवायला आलेल्या पोराला मी विचारलं, आमची बोट कुठे आहे हे कुणाकुणाला दिसतं? म्हणाला, "सगळ्यांना." सगळे म्हणजे कोण? "म्हणजे वर." वर म्हणजे उपग्रह की साहेब, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बिचारा सकाळपासून उन्हात नऊ बोटी करून आला होता. त्याला चहा पाजला आणि प्रश्न माझ्याकडेच ठेवला.

तोच इथे मांडतो. आमच्या आजोबांची एक जागा आहे. सुवर्णदुर्गाचा एक बुरूज आणि मागच्या डोंगराची खांड एका रेषेत आली की खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ लागतो. तिथे हंगामात सुरमई मिळते. ही जागा वडिलांनी माझ्या सख्ख्या मामालाही सांगितलेली नाही, आणि मामाने त्यावरून दोन गणपती आमच्याकडे जेवण टाळलं. आता तीच जागा डबा रोज न विचारता वर कळवतो. ती कोण बघतं, किती दिवस साठवतं, उद्या सरकारकडून मिळणारा डिझेलचा परतावा अडवायला तोच माग काढून दाखवणार का, आणि माझ्याच बोटीचा माग मी मागितला तर मला मिळेल का? ज्याच्यावर नजर आहे त्याला ती नजर कुणाची, हे लेखी कळलं पाहिजे. आपण सगळ्यांनी मिळून ते मागावं असं मला मनापासून वाटतं.

मिरकरवाड्याचा तांडेल

तुझं वय किती, बाळा? ११ नोव्हेंबर २००९ आठवतं का? फयान वादळ आलं तेव्हा मी समुद्रात होतो. मोबाईल मुका, वायरलेसवर नुसती खरखर. सकाळी वारा फिरला तेव्हा आम्ही जाळी ओढून घेतली आणि नशिबाने जयगडच्या आडोशाला लागलो. आमच्या शेजारच्या घरातले दोघे लागले नाहीत. त्यांची आई नंतर दोन वर्षं जेट्टीवर येऊन बसायची. कुणी तिला काही सांगूही शकत नव्हतं, कारण सांगायला काही नव्हतंच. बोट शेवटची कुठे होती, हे एवढंसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

तो डबा त्या बोटीवर असता तर निदान कुठे शोधायचं ते कळलं असतं. तुझी सुरमईची जागा गेली तर दुसरी सापडेल. मला कोण बघतं याची मला फिकीर नाही. बघू दे सगळ्या जगाला.

नाखव्याचा मुलगा, हर्णै

काका, तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, देवाजवळ दिवा लावून आली. डबा काढा असं मी म्हणतच नाही. तो चालूच राहावा, आणि त्याचे नियम कागदावर असावेत. दोन्ही एकत्र होऊ शकतं ना?

श्रीवर्धनकर

तांडेलकाकांच्या मुद्द्याला माझी जोड. आमच्या शेजारी शेखाडीला १९९३ च्या फेब्रुवारीत आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबई हादरली. २००८ ला मुंबईवरचे हल्लेखोर पुन्हा समुद्रातूनच आले, कुबेर नावाच्या पळवलेल्या मासेमारी ट्रॉलरवरून. दोन वेळा आपल्याच किनाऱ्याने किंमत मोजली. आता कुणी विचारतं की आमच्या बोटीवर नजर का? कारण चांगली बोट कुठली आणि पळवलेली कुठली, हे काठावर उभं राहून ओळखता येत नाही. ज्याच्या मनात काही नाही त्याने लपवायचं कशाला?

नाखव्याचा मुलगा, हर्णै

कुबेरवर असं यंत्र असतं आणि कुणी जागेपणी पडद्याकडे बघत असतं, तर बोट वाट सोडून भलतीकडे चालली हे कळायची शक्यता होती. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून उतरलेल्या त्या लोकांना पहिल्यांदा हटकलं ते कोळ्यांनीच. किनाऱ्याचा पहिला पहारेकरी कोळीच आहे. पहारेकऱ्यालाच फक्त संशयित म्हणून नकाशावर ठेवू नका, त्याला पहाऱ्यात भागीदार करा.

आणि "लपवायचं कशाला" याचं उत्तर मामाला विचारा. सुरमईची जागा लपवण्यात कसलाही गुन्हा नाही, ते आमचं पोट आहे.

मालवणचो रापणकार

ह्यो सगळ्यो कायद्याच्यो गजाली चालू आसत, पण माका एक सांगा. मासो ओढूक रात्रीचे एलईडी दिवे लावन समुद्र पेटवतत ते ह्या डब्यात दिसतत काय? २०१७ सालात केंद्र सरकारान एलईडीची मासेमारी बंद केल्यान. तरी रात्रीचा भायर जावन बघा, जत्रा भरल्यासारखी वाटता. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येतत, आमची जाळी फाडून जातत. तेंच्यावर नजर ठेवा म्हणान आमी किती वर्सां बोंबलतव! जानेवारी २०२५ पासून मत्स्य खात्याचे ड्रोन फिरूक लागले, त्येचो माका आनंद आसा. आणखी फिरवा.

पण नजर वरसून खाली ठेवतास तशी मोठ्यांवर पयली ठेवा. माझ्या होडयेर नजर ठेवन सरकाराक काय गावतला? दोन टोपल्यो बांगडो गावतलो.

गुहागरातून लॉगिन

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, चार वर्षांपासून गावातूनच काम करतो. या धाग्यावर थोडं लांब लिहितो, कारण मला हा विषय जवळचा आहे. रोज अशाच माहितीच्या कोठारांवर मी काम करतो.

पहिली गोष्ट, "नावं काढून टाकली की माहिती निरुपद्रवी होते" हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्ट्राव्हा नावाचं धावण्याचं अॅप आहे. त्यांनी जगभरच्या लोकांच्या धावण्याचे मार्ग एकत्र करून, नावं न देता, एक सुंदर उजळ नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात मधेच काही चौकोन उजळलेत. ते लष्करी तळ होते. सैनिक सकाळी कुंपणाच्या आतून गोल धावत होते! आता हेच हर्णैच्या समुद्राला लावा. बोटींची नावं पुसली तरी पन्नास बोटी हंगामात ज्या ठिकाणी थांबतात तो ठिपका लाल होणारच. ज्याच्याकडे तो नकाशा त्याच्याकडे पन्नास आजोबांचं ज्ञान. तो नकाशा अवाढव्य जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्याच्या हाती पडला तर रापणकार काकांची जाळी आणखी फाटतील. म्हणून काका, तुमची होडीसुद्धा या वादात आहे.

दुसरी गोष्ट, बघणाऱ्यालाही अनेकदा आपण काय बघतोय ते नीट माहीत नसतं. दिल्लीच्या एका खटल्यात आरोपीला जामीन देताना अट घातली होती की गुगल मॅपवर पिन टाकायची, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते कळेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, गुगलला विचारलं, आणि कळलं की नुसती पिन टाकून माणसाचा चालता माग लागतच नाही! ८ जुलै २०२४ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने निकाल दिला: आरोपीच्या हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येणार नाही, तो खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. आरोप असलेल्या माणसाला जो हक्क आहे, तो कसलाही आरोप नसलेल्या खलाशाला नसेल का? त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या मापाचा हवा, असंही बजावलं. वादळात जीव वाचवणं हा उत्तम हेतू आहे. तोच माग पाच वर्षं साठवून ठेवणं मापात बसतं का, हा नाखव्याच्या मुलाचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

श्रीवर्धनकर

मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे की. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अजून काय हवं?

गुहागरातून लॉगिन

कलम १७ वाचा, दादा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देऊ शकतं. दुकानदाराने तुमचा नंबर विकला तर हा कायदा कामाला येईल. किनाऱ्यावरच्या नजरेला तो पुरेल असं मला वाटत नाही. म्हणून या योजनेचे स्वतःचे नियम मागायला हवेत.

आणि तांडेलकाका, तुमच्यासाठी एक. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीने, क्राउडस्ट्राइकने, एक चुकीची अपडेट फाइल सोडली. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवून बंद पडले. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. संगणक राखायला ठेवलेल्या रखवालदारानेच घर बंद पाडलं! डबा जरूर ठेवा, पण वायरलेस विकू नका, आणि बंदरावरचा वादळाचा बावटा बघायची सवय पोरांना राहू द्या.

मिरकरवाड्याचा तांडेल

बावटा आम्ही रक्तात घेऊन फिरतो. वायरलेसचं मात्र पटलं. माझा लेक परवाच म्हणत होता, आता तो काढून टाकू. त्याला नाही म्हणून सांगितलं.

कलमांची बाग, देवगड

बोटीचं मला कळत नाही, आंब्याचं सांगतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात देवगडच्या नावाने कुठलाही आंबा खपतोच. आता आमच्याकडे फळावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर लावतात. गिऱ्हाईक तपासतं आणि फळ खरं देवगडचं का ते त्याला कळतं. माझ्या आंब्यावर आज जगाची नजर आहे आणि मला ती हवीशी वाटते, कारण स्टिकर मी लावतो, त्यावर काय दिसणार ते मला ठाऊक आहे आणि चार पैसे जास्त मलाच मिळतात. माझी बाग रात्री किती वाजता राखतो हे ते स्टिकर सांगत नाही. सांगायला लागलं तर मी पहिला काढून टाकीन! तंत्र वाईट नाही हो. कुणाच्या हातात आणि किती, एवढं ठरलं पाहिजे.

पाटीवाली, हर्णै बंदर

सगळे पुरुष बोटीवरच अडकलात, आता लिलावाचं ऐका. संध्याकाळी बोटी लागतात, वाळूवर मासा पडतो, बोली सुरू होते. किती बोटी येतायत आणि कधी येतायत हे कुणालाच आधी नक्की माहीत नसतं, म्हणून व्यापारी पहिल्या बोटीवर दर चढवतो. उद्या त्याच्या फोनवर दिसलं की मागे वीस बोटी येतायत, तर तो पहिल्या पाटीला हात लावणार नाही. बसून राहील. मासा नाशिवंत, थांबणार आपणच. ही माहिती एका बाजूला गेली आणि दुसरीला नाही गेली तर दर पडलाच म्हणून समजा. एक तर दोघांना दिसू दे, नाहीतर कुणालाच नको.

आणि कॅमेऱ्यांचं काय सांगता? आमच्या जेट्टीवर कॅमेरा आहे. माझी बर्फाची पेटी चोरीला गेली तेव्हा बघायला गेले तर म्हणे खाऱ्या वाऱ्याने गंजून पावसाळ्यापासून बंद आहे. पण आम्ही टोपल्या रस्त्याकडेला मांडल्या त्या दिवशीचा फोटो मात्र स्वच्छ निघाला, दंडाच्या पावतीसकट! माझी चोरी पकडणारी नजर मला हवी आहे. ती आली तर मी स्वतः हार घालीन.

श्रीवर्धनकर भाऊ, यात मी काय लपवते ते सांगा.

श्रीवर्धनकर

ताई, लिलावाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तो मान्य. सुरक्षेच्या यंत्रणेला सगळं दिसावं, रात्री-अपरात्री, विनापरवानगी, या मतावर मी ठाम आहे. पण व्यापाऱ्याला एक ठिपकासुद्धा दिसता कामा नये.

मालवणचो रापणकार

पाटीवाल्या बायेन एका लिलावात सगळो कायदो समजावन सांगितल्यान!

नाखव्याचा मुलगा, हर्णै

मागून काय होणार असं दोघांनी मला फोन करून विचारलं. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना सांगितलं होतं की प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी अॅप आधीच भरून द्या. पाळत नको म्हणून लोकांनी आरडाओरडा केला, संसदेत विषय निघाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. अॅप आहे, ज्याला हवं तो घेतो. सहा दिवसांत झालं हे.

तर आपल्या मच्छीमार सोसायटीमार्फत मत्स्यव्यवसाय खात्याला पत्र द्यायचं ठरवलंय. बोटीचा माग कुठल्या खात्यांना दिसतो त्यांची नावं द्या. संकट किंवा चौकशी नसेल तेव्हा तो किती दिवसांनी पुसणार ते सांगा. व्यापारी, कंपनी, संशोधक, कुणालाही जागांचा नकाशा देऊ नका, नावं काढूनही नको. बोटमालकाला आपला माग मागताच मिळावा. परतावा किंवा परवाना अडवायचा असेल तर आधी नोटीस द्या आणि तो माग आम्हालाही दाखवा. रापणकार काका, एलईडीवाल्यांवर ड्रोनची गस्त वाढवा हेही घातलंय, तुमच्या शब्दांत.

मिरकरवाड्याचा तांडेल

पुसण्याला माझा विरोध आहे. हरवलेल्या बोटीचा माग कधीच पुसू नका, दहा वर्षांनीही नाही. बाकीचं चालेल. आणि पहिलं वाक्य "डबा राहू दे" असं घाल, मग मिरकरवाड्याच्या सह्या मी आणतो.

नाखव्याचा मुलगा, हर्णै

काका, हरवलेल्या बोटीचं तुमच्याच शब्दांत लिहितो. पहिलं वाक्यही बदललं. शनिवारी सकाळी दापोलीहून एसटीने निघतो, कागद घेऊन येतो.

पाटीवाली, हर्णै बंदर

शुक्रवारी संध्याकाळी बंदरावरून जा. लिलावाची ओळ नीट घातलीस का ते मला वाचून दाखव, मगच अंगठा.