गॅप इयरमध्ये परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय, नेपाळच्या बालगृहाची ऑफर घ्यावी का?

नीलमोहोर

नमस्कार मंडळी. मी २१ वर्षांची, मूळची इचलकरंजीची. यंदा पुण्यात बी.ए. झालं, विषय मानसशास्त्र. एम.ए.ला लगेच प्रवेश न घेता एक वर्ष बाहेर कुठेतरी काम करायचं, हे दुसऱ्या वर्षाला असल्यापासून डोक्यात आहे. आई तयार आहे. बाबांचं म्हणणं एकच, "फुकट राबायला परदेशात कशाला? इथे काम कमी आहे का?"

एका एजन्सीकडून आलेली ऑफर अशी : काठमांडूजवळच्या बालगृहात चार आठवडे राहायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं. राहणं-जेवण धरून ८० हजार रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. शेवटी प्रमाणपत्र. अनुभव लागत नाही, मुलाखत नाही, फक्त फॉर्म आणि अर्धी रक्कम आगाऊ. चार आठवडे आवडले तर पुढे वाढवता येतात म्हणाले.

मला लहान मुलांबरोबर काम करायला मनापासून आवडतं. पण पैसे भरून सेवा करायची हे कुठेतरी खटकतंय, आणि का खटकतंय ते बाबांना नीट सांगता येत नाहीये. कुणी असं वर्ष काढलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. जर्मनची ए२ परीक्षा झाली आहे, त्यापुढच्या बी१ पातळीचा वर्ग चालू आहे, त्याचा काही उपयोग होत असेल तर तेही सांगा.

डोंगरयात्री

पैसे भरू नकोस, हे आधी सांगतो.

ट्रेकच्या निमित्ताने नेपाळला माझं बऱ्याचदा जाणं होतं. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. साध्या घरात राहून दोन वेळ डाळ-भात खाल्ला तर महिनाभरात ८० हजार कसे संपतील, याचा हिशोब त्या एजन्सीला लेखी माग.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नेपाळमध्ये ७७ जिल्हे, पण बालगृहं मुख्यतः पाच जिल्ह्यांत एकवटलेली : काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. म्हणजे जिथे परदेशी पाहुणे येतात तिथे. अनाथ मुलं काय फक्त पर्यटकांच्या वाटेवर जन्माला येतात? १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम भागातल्या आईबापांना "पोराला शहरात चांगल्या शाळेत घालतो" असं सांगून दलालांनी मुलं नेली आणि बालगृहांत अनाथ म्हणून ठेवली. हुमलात आमच्याबरोबर असलेल्या एका पोर्टरची धाकटी बहीण अशीच गेली होती. त्याचे आईवडील दोघंही हयात, घरी शेती, आणि पोरगी कागदावर अनाथ.

२०१५च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर मुलांच्या तस्करीचा धोका वाढल्याचा इशारा युनिसेफने दिला होता. पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला नेपाळ सरकारने बंदी घातली, नव्या बालगृहांची नोंदणीही थांबवली. ऑस्ट्रेलियाने तर २०१८चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची ने-आण हा त्या गुलामगिरीचाच प्रकार मानला. सगळीच बालगृहं तशी असतात असं मी म्हणत नाही. पण पैसे देणारा पाहुणा आला की मूल घरी परत पाठवण्यात कुणालाच रस उरत नाही. नेपाळला जरूर जा, डोंगर बघ, माणसांच्या घरी राहा. बालगृहात जाऊ नकोस.

पाटपाणी

शेतीची आवड असेल तर वूफ बघ. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं. सेंद्रिय शेतावर काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण. फक्त एक सांभाळ : टुरिस्ट व्हिसावर शेतात हात लावला तरी बऱ्याच देशांत ते काम धरतात, पगार असो वा नसो. विमानतळावर चौकशी झाली तर परत पाठवतात. आधी त्या देशाचा नियम वाच, मग तिकीट काढ.

कृष्णाकाठ

नीलमोहोर, तुझ्या पोस्टमधली "अनुभव लागत नाही, मुलाखत नाही" ही ओळ मी परत परत वाचली. तू मानसशास्त्र शिकली आहेस. आईवडिलांपासून तुटलेल्या मुलाला दर महिन्याला नवी ताई मिळते, लळा लागतो, आणि ती बॅग भरून जाते. असं वर्षानुवर्षं चाललं की त्या मुलाचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको. कोण येतंय हे न तपासता जी संस्था परक्या माणसाला मुलांमध्ये सोडते, ती मुलं सांभाळत नाही. तुला खटकतंय ते हेच असावं, आणि तुझं खटकणं बरोबर आहे.

माझं मत असं की जिथल्या लोकांना तुझी खरंच गरज आहे आणि म्हणून ते तुझ्या राहण्या-खाण्याचा भार उचलतात, तिथे जावं. तुझी बी१ होतेय, तेव्हा सरळ जर्मनीचा विचार कर. मी कऱ्हाडची, जर्मन पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि बीएफडी या तिथल्या सरकारी स्वयंसेवेत एक वर्ष दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात काढलं.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा होती, तेव्हा ज्या मुलांना बंदूक धरायची नसे ती रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत नागरी सेवा करायची. २०११मध्ये सक्ती स्थगित झाली आणि हजारो हात एकदम कमी होणार म्हणून १ जुलै २०११पासून बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट म्हणजे बीएफडी सुरू झालं. एफएसजे, म्हणजे स्वेच्छेचं सामाजिक वर्ष, त्याहून जुनं : त्याचा कायदा १९६४चा. एफएसजेला २७ पूर्ण व्हायच्या आत जावं लागतं, बीएफडीला वयाची वरची अट नाही. साधारण बारा महिने पूर्णवेळ काम. खिशाला थोडे पैसे मिळतात, आरोग्य विमा आणि इतर सामाजिक विमा तेच भरतात, बऱ्याच ठिकाणी खोली आणि जेवणही असतं. २७च्या आतल्यांना वर्षात २५ दिवस सेमिनारला पाठवतात, तेही कामाचेच दिवस धरून. नेमलेल्या नोकराची जागा स्वयंसेवकाने घ्यायची नाही असं कायदाच सांगतो, त्यामुळे औषधं देणं, इंजेक्शन देणं माझ्याकडे कधी आलं नाही. येऊही नये.

मग काम काय? सकाळची पाळी लवकर सुरू व्हायची. रात्रपाळीची परिचारिका कोण झोपलं नाही, कोण पडलं, कुणाने पाणी प्यायलं नाही हे सांगायची, त्याला युबरगाबे म्हणतात. ते मला सुरुवातीला निम्मं कळायचं, कारण ती सगळी श्वेबिश बोलीत बोलायची. बी१च्या वर्गात ती बोली कानावरही पडत नाही. नंतर न्याहारी. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या चहात, पाण्यात एक पावडर घालून ते दाटसर करायचं, चमचा उलटा केला की सावकाश ओघळेल इतपत. पातळ राहिलं तर ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे दाटपण बघायला मला एका परिचारिकेने हात धरून शिकवलं, आणि रोज ती माझा पेला तपासायची. दुपारी तीनला कॉफी आणि केक, ते कधीही चुकायचं नाही. मधल्या वेळात फिरायला नेणं, पेपर वाचून दाखवणं, स्मृतिभ्रंश झालेल्या आज्यांबरोबर नॅपकिनच्या घड्या घालणं. घडी घालायला हात विसरत नाहीत, नाव-गाव विसरलेल्या आजीसुद्धा कडेला कड जुळवायच्या.

तुला तुझ्या विषयातलं एक सांगते. आमच्या मजल्यावर एक आजी रोज संध्याकाळी कोट चढवून दाराशी यायच्या आणि ब्रेस्लाउची गाडी कधी सुटते विचारायच्या. ब्रेस्लाउ आता पोलंडमध्ये आहे, व्रोत्सुआफ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन लोकांना घरदार सोडावं लागलं, त्यात या लहान असताना निघाल्या होत्या. "आता गाडी नाही" म्हटलं की त्या रडायच्या, "उद्या जाऊ" म्हटलं की चिडायच्या, कारण खोटं त्यांना कळायचं. मजल्याची मुख्य परिचारिका मला म्हणाली, गाडीचं सोड, घराचं विचार. मग मी विचारायचे, घरात कोण कोण आहे, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, अंगणात झाड कशाचं. त्या हातवारे करत सगळं सांगायच्या आणि बोलत बोलत आम्ही खोलीपर्यंत पोचायचो. कोट त्या स्वतःच काढायच्या. माणसाची तगमग खरी असते, तिला उत्तर द्यायचं, हे मी त्या मजल्यावर शिकले. पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना कुठल्याही पेपरने मला इतकं दिलं नाही.

अवघड काय जातं तेही ऐक. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद, छोट्या गावात बस तासाला एक. आणि माणसं जातात. आपण ज्यांना दोन महिने भरवलं त्यांची खोली एका सकाळी रिकामी असते. आमच्याकडे त्या दाराशी मेणबत्ती लावायचे, आणि स्वयंसेवकांना बसवून बोलायचे. जिथे असं बोलणारं कुणी नाही, तिथे हे काम करू नये असं मला वाटतं. शाकाहारी असशील तर संध्याकाळी पाव-चीजची सवय कर. दुपारी लिन्झन मिट श्पेट्झले असलं की मात्र मजा : मसुरासारखी आंबटसर उसळ आणि बरोबर शेवया. वर सॉसेज ठेवतात, ते नको म्हणून सांगायचं.

नीलमोहोर

डोंगरयात्री दादा, हुमलाचं वाचून अंगावर काटा आला. एजन्सीला नकार कळवला आत्ताच.

कृष्णाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बाबांनीही वाचला. त्यांचा मूळ प्रश्न कायम आहे : म्हातारी माणसं इथे नाहीत का? आणि एक व्यावहारिक शंका. इथला एक सल्लागार जर्मनीतली जागा मिळवून देतो म्हणतोय, दीड लाख मागतोय. द्यावे लागतात का?

कृष्णाकाठ

बाबांना सांग, त्यांचा मुद्दा मला पटतो. म्हणून जायच्या आधी इथे काम कर. इचलकरंजीत, सांगलीत, कोल्हापुरात वृद्धाश्रम आहेत. दोन-तीन महिने नेमाने जा : भरव, नखं काप, अंघोळीला मदत कर. हे काम तुला झेपतं का ते घरच्या घरी कळेल, अर्जातही ते लिहिता येईल आणि मुलाखतीत तू पाठ केलेलं बोलणार नाहीस. नाही झेपलं तर कुणाचं नुकसान नाही. झेपलं, तर तिथे जाऊन तू जे शिकशील ते परत येऊन इथेच लागणार आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी कसं बोलावं हे आपल्याकडे घरोघरी हवं आहे, आणि ते शिकवणारी माणसं फार थोडी आहेत. माझी स्वतःची आजी रात्री उठून "गुरं सोडली का" विचारायची आणि आम्ही सगळे तिला "आता कुठली गुरं" म्हणून गप्प बसवायचो. असं किती घरांत चाललं असेल!

सल्लागाराला एक रुपयाही देऊ नकोस. एफएसजे आणि बीएफडीच्या जागा कारिटास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस, आवो अशा मोठ्या संस्थांकडे असतात, अर्ज थेट त्यांच्याकडे करता येतो. त्या जागा देण्यासाठी उमेदवाराकडून लाखाने पैसे घेत नाहीत. अर्जात स्वतःचं जर्मन लिही, कुणाकडून सजवून घेऊ नकोस. व्हिडिओ मुलाखतीत दोन मिनिटांत फरक कळतो, आणि पुढे व्हिसाच्या खिडकीवरही तुलाच बोलायचं आहे.

जागा मिळाली की करारपत्र येतं, त्याला फेरआइनबारुंग म्हणतात. बीएफडी असेल तर त्यावर कोलोनच्या केंद्रीय कार्यालयाची मान्यता लागते, त्यात वेळ जातो, म्हणून आधीपासून पाठपुरावा कर. व्हिसा नॅशनल प्रकारचा, फी ७५ युरो, त्या दिवशीच्या दराने रुपयांत. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

हो म्हणायच्या आधी संस्थेला तीन गोष्टी मेलवर विचार : खोली तुम्ही देता की मी शोधायची, मला शिकवणारी व्यक्ती नेमून दिलेली असेल का, आणि खोलीचं भाडं खिशाच्या पैशातून कापता का. तिसऱ्याचं उत्तर आकड्यात घे. बऱ्याच जागा १ ऑगस्ट किंवा १ सप्टेंबरला सुरू होतात, त्यामुळे अर्ज आदल्या हिवाळ्यातच पाठवायला हवा. बी१ परीक्षेची तारीख आजच बघ, पुण्यात मॅक्स म्युलर भवनच्या जागा लवकर भरतात. मोटिव्हेशन लेटरचा कच्चा मसुदा झाला की मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) कर, मी वाचून देईन.