उंचीवर घड्याळातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर भरवसा ठेवावा का?

सह्यभटक्या: नुकताच एव्हरेस्ट बेस कॅम्प करून आलो. डिंगबोचेला (४,४१० मी.) पहाटे जाग आली तर स्मार्टवॉचमध्ये रक्तातला ऑक्सिजन ७१ टक्के! बायको घाबरून गाईडला उठवायला धावली. माझं डोकं दुखत नव्हतं, रात्री दोनदा दालभात मागून खाल्ला होता. गाईडने आधी चहाच्या पेल्याभोवती माझी बोटं शेकवली, मग चिमट्यासारखा ऑक्सिमीटर लावला : ८४. त्या उंचीला ठीकच. तेरा आकड्यांचा फरक! माझं स्पष्ट मत, वर गेल्यावर घड्याळातलं हे फीचर बंद करा. झोप उडते आणि बॅटरी खातं ते वेगळंच.

तंत्रखोर: दोष घड्याळाचा की घालणाऱ्याचा? चिमट्यात लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटावर तोच प्रकाश कातडीतून परतून येतो, म्हणजे सिग्नल मुळातच मिणमिणता. त्यात थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि सैल पट्टा. पट्टा हाडाच्या वर सरकवून आवळा, हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं गप्प बसा. आणि सुटा आकडा नको, कल बघा. लेहला माझे रोज सकाळचे आकडे ८४, ८७, ८९ असे चढत गेले. शरीर रुळतंय हे कळलंच ना?

डॉक्टरीणबाई: यंत्रच चार-पाच आकडे इकडेतिकडे करत असेल तर ८४चे ८७ हा कल कसला? चांगल्या चिमट्यालाही दोन-तीन टक्के चूक माफ असते, आणि ७०च्या खाली तर त्याचीही नीट पडताळणी झालेली नसते. त्यासाठी धडधाकट माणसाचा ऑक्सिजन किती उतरवणार? त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. २०२०च्या एका अमेरिकन अभ्यासात, ऑक्सिमीटरला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट आढळली.
पण भटक्या, तुमचं ७१ खोटंच होतं असंही नाही हं. उंचीवर झोपेत श्वास मध्येच थांबतो, मग भराभर चालतो. ९०च्या खाली गाडी घसरगुंडीवर असते, श्वास जरा अडला की आकडा धाडकन पडतो. गाईडने मोजलं ते जागेपणी, चहानंतर.

सह्यभटक्या: मान्य. पण चिमटा बोटाला असतानाच घड्याळ पुन्हा लावलं, तेव्हाही ७३. ते कुठल्या झोपेतलं?

चालतोय_चालतोय: माझा मुद्दा वेगळा. आमचे मेव्हणे लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीत धापा टाकत होते, ओठ काळेनिळे, तरी "मला काही होत नाही, फोटो काढ". आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. मनगटावर ६८ दिसल्यावर गाडीत बसले. आकडा बरोबर होता की चूक, कुणाला पर्वा! हट्टी माणूस लक्षणं कबूल करत नाही, यंत्राचं ऐकतो.

डॉक्टरीणबाई: आणि तेच घड्याळ ९१ दाखवतं तेव्हा? मग डोकेदुखीवर गोळी घेऊन हाच माणूस आणखी वर चढतो. उंचीचा त्रास मोजायच्या लेक लुईस गुणपत्रिकेत डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर आहे, ऑक्सिजन नाही. ओठ निळे दिसल्यावर ६८ची वाट कशाला बघायची?

तंत्रखोर: कारण मेव्हणे, बाई! तुमचे पेशंट ऐकत असतील.

सह्यभटक्या: बरं, कोविडात घेतलेला चिमटा ड्रॉवरमध्ये सापडला. सेल आतच राहिलेत, हिरवट पांढरं काहीतरी साचलंय. चालेल का?