जीटीएलची रेघ: व्होल्टेज वाढवायचं की रेघ सरकवायची?

शहापूरचा डीटीपीवाला

आधी मत सांगतो, मग शिव्या घाला. जुन्या कोअर-टू (इंटेलचा जुना प्रोसेसर) मशीनवर ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग, टिकत नाही म्हणून जो पहिल्यांदा व्हीकोर, म्हणजे कोरला मिळणारं व्होल्टेज, वाढवतो, तो बऱ्याचदा भलताच नट आवळत बसलेला असतो.

माझं मशीन असं. क्यू६६००, म्हणजे २००७ च्या जानेवारीत आलेली चार कोरची चिप, पी४५ चिपसेटचा बोर्ड आणि डीडीआर२-८०० रॅम ४ जीबी. गिऱ्हाइकांचं काम, म्हणजे एकाच फाइलीत वर कन्नड आणि खाली मराठी अशा पाट्या न् फ्लेक्स, ते दुसऱ्या नव्या मशीनवर होतं. हे जुनं धूड भाच्यासाठी ठेवलंय आणि खरं सांगायचं तर माझ्या हौसेसाठी.

कारखान्यातून ही चिप बसचा ठोका २६६ मेगाहर्ट्झ गुणिले गुणक ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर येते. मी ४०० गुणिले ८ लावलं, ३.२ झाले. जी-झिरो स्टेपिंगच्या (याच चिपच्या सुधारित आवृत्तीच्या) कोरना ३.२ म्हणजे काहीच नाही. रॅमही ४०० वर तिच्या हक्काच्या वेगाने चालते. ताण येतो तो बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज (चिपसेटची मुख्य चिप) यांना जोडणाऱ्या तारांवर. प्रत्येक ठोक्याला चारदा डेटा जातो, म्हणजे बस १६०० वर पळते, आणि पी४५ ची अधिकृत हद्द १३३३ ची.

झालं असं की प्राइम९५ (प्रोसेसरला गणितं घालून दमवणारा प्रोग्रॅम) ची छोट्या एफएफटीची, म्हणजे छोट्या गणितांची, चाचणी रात्रभर चालायची. तीच ब्लेंडवर टाकली की पाऊण-एक तासात एखादा वर्कर (एका कोरवर चालणारी चाचणी) राउंडिंग एरर, म्हणजे गणितातली चूक, देऊन बसायचा. ०.४ पेक्षा कमी हवं होतं, ०.५ आलं. छोटी एफएफटी कॅशमध्येच मावते, बसला फारसा हात लावत नाही. ब्लेंड मात्र बस आणि रॅम दोन्ही रगडते. म्हणजे दुखणं कोरमध्ये नव्हतंच. तरी मी मूर्खासारखा व्हीकोर १.३० वरून १.३८ ला नेला. तापमान वाढलं, एरर तशीच.

मग जीटीएल रेफरन्सला हात घातला. बायोसमध्ये १.२० व्होल्ट टर्मिनेशनला तो ०.७६० दाखवत होता, मी ०.८०० केला. व्हीकोर परत १.३० वर आणला. ब्लेंड ११ तास चालली, मीच बंद केली.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी. प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज यांच्यामधल्या तारांना एक रेझिस्टर कायम वर ओढून धरतो, टर्मिनेशन व्होल्टेजला, म्हणजे व्हीटीटीला. समजा १.२ व्होल्ट. पाठवणारा ती तार खाली ओढतो, पण ती पार शून्याला टेकत नाही, ०.४ च्या आसपास अडते. पलीकडच्याने तार वर आहे की खाली हे ओळखायचं कसं? ०.४ आणि १.२ च्या मधोमध एक रेघ आखलेली असते, ०.८ ला. ती रेघ म्हणजे जीटीएल रेफरन्स. म्हणून मूळ सूत्र व्हीटीटीच्या दोन-तृतीयांश. पेंटियम-थ्रीलाही १.५ ला १.० असंच होतं. जीटीएलमधला जी हा झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या विल्यम गनिंगचा. कोअर-टूच्या काळात बोर्डवाले ०.६३ ते ०.६७ पट यांच्यात कुठेतरी ठेवत. बस वेगात पळायला लागली की सिग्नल थरथरतो, वर-खाली नीट पोचायच्या आतच पुढचा ठोका येतो. अशा वेळी रेघ चुकीच्या उंचीवर असेल तर व्हीकोर कितीही ओता, वाचणारा चुकीचंच वाचणार.

निपाणीचा पोरगा

काका, नाद करताय काय? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला एसएसई४.२ नावाच्या प्रोसेसरच्या सूचना लागतंय, ते तुमच्या चिपात नाहीच, त्यामुळं ते बूटसुद्धा होणार नाही. जुन्या बाजारात चौथ्या पिढीचा आय५ घेतला तर ओव्हरक्लॉक न करता तुमच्या ३.२ ला धूळ चारंल, वर वीज कमी खाईल. २००८ च्या नोव्हेंबरात पहिला कोअर आय७ आला तेव्हाच ही बस गेली. मेलेल्या बसची रेघ कुठं हाय म्हणून रात्री जागायच्या?

आणि नवीन बोर्डवर सगळं ऑटो असतंय. बोर्ड बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतंय, एवढं तरी मान्य करा की.

खानापूरची बाई

मी हायस्कुलात संगणक शिकवते. जीटीएल बरोबर की चूक या वादात मला रस नाही. मला भीती वाटते ती मुलं हे वाचून घरच्या एकुलत्या एका मशीनवर करतील याची.

हँग झालं, निळा पडदा आला, तर निदान कळतं. न कळता एक बिट उलटला तर? पी४५ वर ईसीसी (चुकलेला बिट ओळखणारी) रॅम चालत नाही, म्हणजे ती चूक पकडणारं कुणीच नाही. आमच्याकडे एका पालकांनी असंच वेग वाढवलेलं मशीन हिशेबाला वापरलं. फाइल उघडायची, बेरीजही जुळायची, पण बॅकअप पुन्हा चढवायला गेले तर तो फाटलेला. कधी फाटला ते कुणालाच कळलं नाही, कारण तीन महिन्यांचे सगळेच बॅकअप तसे होते. ११ तास ब्लेंड चालली म्हणजे बाराव्या तासाची हमी मिळाली, असं नाही ना?

उद्यमबाग नाइट शिफ्ट

डीटीपीवाले, तुमचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे आणि तुमचा पुरावा अजिबात पटण्यासारखा नाही.

पटतं कशासाठी, तर आम्ही शॉपवर हेच रोज बघतो. मापाच्या डायलला झिरो न मारता जॉब तपासला की चांगला माल रिजेक्ट होतो आणि खराब पुढं जातो. ऑपरेटर मशीनला शिव्या घालतो, फीड कमी करतो, टूल बदलतो. मशीन बिचारं नीट असतं, माप चुकलेलं असतं. रेफरन्स व्होल्टेज म्हणजे तोच झिरो.

पण तुम्ही झिरो बदललात, माल नीट आला, आणि लगेच म्हणालात झिरोच चुकला होता. परत जुना झिरो लावून माल बिघडतो का ते बघितलंत? ०.७६० वर परत जा. पडलं पाहिजे. मग पुन्हा ०.८००, आता चाललं पाहिजे. हे केलंय का? आणि त्या संध्याकाळी आणखी काय काय बदललंत ते आठवून लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शिकायला मला नोकरीतली पहिली दोन वर्षं आणि एक महागडं डाय गमवावं लागलं.

कॅम्पातला रिपेरीवाला

मी लई वर्सं बोर्डच दुरुस्त करालोय, म्हणून सांगतो. बायोसमधला आकडा म्हणजे बोर्डाची इच्छा. खरं काय पोचतंय ते मल्टिमीटर सांगतो. ०.८०० लिहिलं म्हणून पिनवर ०.८०० आहे असं समजू नका. पंधरा-सोळा वर्सांचा बोर्ड, कपॅसिटरची टाळकी सपाट आहेत की फुगल्यात ते आधी बघा. फुगलेला कपॅसिटर असला तर रेघ कुठंही आखा, रेघच हलती असणार.

दुसरं. व्हीकोर लोड आल्यावर खाली येतो, त्याला व्हीड्रूप म्हणतात, आणि तो इंटेलनं मुद्दाम ठेवलाय. लोड एकदम सुटला की व्होल्टेज वर उसळतं, ती उसळी हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून. लोडलाइन कॅलिब्रेशन चालू करून पोरं तो ड्रूप मारून टाकतात आणि मग म्हणतात, स्टेबल झालं. तुमचं ते चालू आहे काय?

तिसरं, नॉर्थब्रिजच्या हीटसिंकला बोट लावून बघितलं काय? १६०० च्या बसला ती कढईगत तापते.

शहापूरचा डीटीपीवाला

उद्यमबाग, शाबास. आठवलं. त्याच संध्याकाळी मी नॉर्थब्रिजवर एक ४० मिमीचा पंखा दोऱ्याने बांधला होता. लिहायचं राहिलं असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे सोयीस्करपणे विसरलो.

कॅम्पवाले, लोडलाइन बंद आहे. कपॅसिटर सॉलिड आहेत, फुगायचा प्रश्न नाही. मीटर लावायला त्या बोर्डवर कुठे टोचायचं ते मला नक्की ठाऊक नाही, आणि चालू बोर्डवर टोक घसरलं तर भाचा मला मामा म्हणणार नाही.

बाई, तुमच्याशी वाद नाही. हिशेब, फोटो, गिऱ्हाइकाचं काम, यातलं काहीच या मशीनवर नसतं. ज्याच्याकडे एकच मशीन आहे त्याने हे करूच नये. मी हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

निपाणीकर, तुझ्याशी मात्र आहे. बस गेली, रेघ गेली नाही. रॅमला आजही रेफरन्स व्होल्टेज लागतोच. आमच्या डीडीआर२ ला तो १.८ च्या निम्मा, ०.९, आणि तो बायोसात दिसायचा. डीडीआर४ मध्ये डेटाची रेघ रॅमच्या चिपच्या आतच गेली आणि मशीन चालू होताना ट्रेनिंगमध्ये (मशीन स्वतःच तपासून जुळवतं त्यात) आपोआप बसते, म्हणून तुला दिसत नाही.

राहिला ऑटो. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० च्या काही एक्स३डी चिपा सॉकेटमध्ये जळाल्या, त्यानंतर एएमडीने एसओसी (चिपमधल्या रॅम-कंट्रोलर वगैरे भागांच्या) व्होल्टेजला १.३ ची टोपी घातली. त्याआधी रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (जास्त वेगाची तयार सेटिंग) निवडलं की काही बोर्ड ते व्होल्टेज त्याच्याही वर चढवत होते. २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतात हे कबूल केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (चिपच्या आतल्या कोडची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यात गिऱ्हाइकाने काय हलवलं होतं? तेव्हा 'त्यांना जास्त कळतंय' हे अर्धंच खरं.

निपाणीचा पोरगा

हां, पण एएमडीची टोपी आणि इंटेलचा मायक्रोकोड काढला कुणी? त्यांनीच. तुमच्यासारख्या कुणी शहापुरात बसून नाही काढला. बिघाड झाला तर दुरुस्ती वरून येते, हेच माझं म्हणणं. हातानं आकडे लावणाऱ्याला अपडेट कोण देणार?

(ट्रेनिंगचं म्हायती नव्हतं. वाचतो.)

शहापूरचा डीटीपीवाला

चार फेऱ्या केल्या. पंखा सगळ्या फेऱ्यांत तसाच चालू ठेवला, व्हीकोर १.३०, व्हीटीटी १.२०, नॉर्थब्रिज १.१० वर, रॅमचे टायमिंग हाताने बांधलेले. बदलली ती फक्त रेघ.

०.७६०: २ तास १० मिनिटांनी एक वर्कर बसला.
०.८००: ९ तास चालली, सकाळी मी बंद केली.
पुन्हा ०.७६०: १ तास ३५ मिनिटं.
पुन्हा ०.८००: ३ तासांनी लाइट गेली. यूपीएस दोन मिनिटांत कोसळला.

म्हणजे पंख्याने काहीतरी केलंय, कारण पंखा नव्हता तेव्हा याच ०.७६० वर पाऊण-एक तासात पडायचं. तेवढं श्रेय मी रेघेला दिलं होतं, ते परत घेतो. पण पंखा असूनही ०.७६० दोनदा पडलं आणि ०.८०० एकदाही नाही.

हौसेने एकदा ०.८४० करून पाहिलं. विंडोज लोड होतानाच निळा पडदा. म्हणजे 'जेवढं वर तेवढं चांगलं' असंही नाही, दोन्ही बाजूंनी कडा आहे. कुणाला करायचंच असेल तर गुणक ६ वर आणा, म्हणजे कोर निवांत राहतील आणि फक्त बस उघडी पडेल. मग १०-१० मिलिव्होल्टने सरकवा, वरची कड आणि खालची कड लिहून काढा आणि मध्ये बसा. माझ्या बोर्डाची वरची कड ०.८०० आणि ०.८४० च्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणजे ०.८०० हा मध्य नसून कडेच्या जवळ असेल. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

उद्यमबाग नाइट शिफ्ट

आता बोलण्यासारखं झालं. दोनदा पडलं, एकदा टिकलं आणि एकदा लाइटनं खेळ मोडला. मी याला सिद्ध म्हणणार नाही, पण पैज लावायची तर तुमच्या बाजूनं लावीन.

०.७८० करून बघा. आणि खोलीचं तापमान फेरीगणिक लिहा. तुमची लांब चाललेली फेरी रात्रीची होती. पडलेल्या दोन्ही कधीच्या?

शहापूरचा डीटीपीवाला

एक रात्रीची, एक दुपारची. दुपारची लवकर पडली.

कॅम्पातला रिपेरीवाला

बघा म्हणजे.

आणि ०.७८० नंतर करा. आधी यूपीएसची बॅटरी बदला. पावसाळा तोंडावर आलाय, खानापूरच्या बाईंना विचारा लाइटीचं.

खानापूरची बाई

जांबोटीकडे काल रात्रीपासून नाही. हे मोबाइलवरून लिहितेय, १४ टक्के उरलंय.