शब्दचर्चा: ‘आर्क्टिक दोलन’, बर्फाचा ‘विस्तार’ आणि ‘घटतो’ हे क्रियापद

प्रश्न: लेखात वाक्य असं आहे: ‘आर्क्टिक चक्राच्या धन अवस्थेत समुद्री बर्फाचं क्षेत्रफळ घटतं.’ चक्र, दोलन की आंदोलन? आणि क्षेत्रफळाऐवजी विस्तार लिहिलं तर बिघडेल का?

उत्तर १: चक्र नको. चक्र म्हटलं की पुढची फेरी कधी, असं वाचक विचारणारच, आणि इथे ठरलेला आवर्तनकाळ नाही. ध्रुवाकडचा हवेचा दाब आणि मध्य अक्षांशांवरचा दाब एकमेकांच्या उलट वर-खाली होतात, इतकंच. ही पलटी कधी दोन आठवड्यांत होते, कधी अख्खा हिवाळा एकाच बाजूला जातो. २००९-१० चा हिवाळा असाच टोकाच्या ऋण बाजूला गेला होता. लंबक ठरल्या वेळी परतत असल्यामुळे ‘दोलन’ही काटेकोर नाही, पण रूढ आहे. ‘आंदोलन’ मथळ्यात आलं तर आर्क्टिकमध्ये मोर्चा निघाल्यासारखं वाटतं.

‘धन’ हे हा दाबफरक मोजणाऱ्या निर्देशांकाचं चिन्ह आहे: ध्रुवाकडे दाब सरासरीपेक्षा कमी. बर्फाच्या दृष्टीने भलं, असा अर्थ त्यातून काढू नये.

खरी अडचण ‘घटतं’ या क्रियापदात आहे. हिवाळ्यात दोलन धन असलं की वारे सैबेरियाच्या किनाऱ्यापासून बर्फ दूर लोटतात. उघड्या पडलेल्या पाण्यावर थंडीमुळे लगेच नवा, पातळ बर्फ धरतो. त्याच वेळी जुना, जाड बर्फ ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीतून अटलांटिककडे निघून जातो. म्हणजे त्या हिवाळ्याच्या क्षेत्रफळाच्या आकड्यात फारसं काही दिसत नाही. घटते ती जाडी, आणि परिणाम पुढच्या उन्हाळ्यात दिसतो. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुवर्षीय (उन्हाळ्यात न वितळता टिकलेला जुना) बर्फ असाच मोठ्या प्रमाणावर बाहेर गेला. तेव्हा ‘वाहून जातो’ किंवा ‘पातळ होतो’ लिहा. ‘वितळतो’ तर इथे चुकीचंच.

उलट बाजू मात्र सरळ नाही. ऋण अवस्थेत अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट समुद्रावरचं भोवऱ्यासारखं अभिसरण जोर धरतं आणि बर्फ आतच फिरत राहतो, म्हणून तो टिकावा अशी अपेक्षा असते. पण वर सांगितलेल्या २००९-१० नंतरच्या सप्टेंबरात बर्फ कमीच होता. मुळात पातळ झालेला बर्फ त्या अभिसरणाबरोबर दक्षिणेकडच्या उबदार पाण्यात आला की टिकत नाही. म्हणून वाक्यात ‘नेहमी’ नको.

उत्तर २: विस्तार आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल करू नका. उपग्रहाच्या नकाशात समजा २५ किमी बाजूचा चौकोन आहे, म्हणजे ६२५ चौ. किमी. त्यात बर्फाची दाटी (बर्फाने झाकलेला भाग) ४० टक्के असेल, तर क्षेत्रफळ २५० चौ. किमी, पण विस्तार पूर्ण ६२५. दाटी १५ टक्क्यांच्या खाली गेली की विस्तारात तो चौकोन शून्य. त्यामुळे वाऱ्याने बर्फ एका बाजूला दाबला, तर काहीही न वितळता विस्तार घसरतो. पसरवला तर वाढतो. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली डबकी सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) टिपणाऱ्या उपग्रहाला मोकळ्या पाण्यासारखी दिसतात, म्हणून क्षेत्रफळ कमी मोजलं जातं. बातम्यांतले नीचांक बहुधा विस्ताराचेच असतात: सप्टेंबर २०१२ चा आर्क्टिकचा सुमारे ३४ लाख चौ. किमी हाही. (‘व्याप्ती’ मला नियमाची किंवा कायद्याची वाटते, पण ती आवडीची बाब.)

प्रश्न: दक्षिण ध्रुवासाठी मग ‘दक्षिणी दोलन’ चालेल?

उत्तर १: मुळीच नाही. ते नाव प्रशांत महासागरातल्या एल निनोशी जोडलेल्या दाबबदलाला आधीच दिलेलं आहे. ‘अंटार्क्टिक दोलन’ लिहा, किंवा ‘दक्षिण वलयी दोलन’. ते धन असताना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे ध्रुवाकडे सरकून जोर धरतात. दक्षिण गोलार्धात वाहणारं पाणी डावीकडे वळतं, म्हणून वरचं थंड पाणी आणि बर्फ उत्तरेकडे पसरतात. तेच वारे वर्षानुवर्षं टिकले तर खालचं उबदार पाणी वर ओढलं जातं आणि परिणाम उलटू शकतो.

एल निनोचा परिणाम पश्चिम अंटार्क्टिकाजवळच्या अमुंडसेन समुद्रावरच्या न्यूनदाबामार्फत (कमी दाबाच्या क्षेत्रामार्फत) पोहोचतो. हा न्यूनदाब घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो: पश्चिमेला रॉस समुद्रावर खंडावरची थंड हवा, पूर्वेला अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे उत्तरेची उबदार हवा. एल निनोत तो सहसा कमजोर पडतो. मग रॉस-अमुंडसेन भागात बर्फ कमी आणि वेडेल समुद्रात जास्त. ला निनात, म्हणजे एल निनोच्या विरुद्ध अवस्थेत, बहुधा उलट. एकाच वाक्यात ‘अंटार्क्टिकचा बर्फ वाढतो’ म्हणून मोकळं होता येत नाही, समुद्राचं नाव द्यावंच लागतं.

उत्तर २: आणि ‘उत्तरेचा वारा’ लिहाल तिथे ‘उबदार’ हा शब्द जोडाच. आपल्या वाचकाच्या मनात उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. नुसतं लिहिलं तर तो परिच्छेद उलटा समजेल.