मदत हवी आहे: आईची केमो चालू आहे, आम्ही रोज मेट्रो-बसने फिरतो. बाहेरचे जंतू घरी येऊ नयेत म्हणून काय पाळावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला राहतो. आई ६८ वर्षांची आहे. तिची केमोथेरपी सुरू झाल्यापासून ती आमच्याकडेच आहे. दर तीन आठवड्यांनी एक सायकल असते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलंय की केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) सगळ्यात खाली जातात आणि त्या दिवसांत आपल्याला किरकोळ वाटणारं दुखणंही तिला अ‍ॅडमिट करायला लावू शकतं.

आई दवाखाना सोडला तर कुठेच जात नाही. बाहेर जातो ते आम्ही. मी वनाजहून मेट्रोने कल्याणीनगरला, नवरा पीएमपीने स्वारगेटला आणि चार वर्षांचा मुलगा बालवाडीत. म्हणजे तिच्यापर्यंत बाहेरचं जे काही पोचेल, ते आमच्यामार्फतच. हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही.

सध्या आम्ही घरात शिरल्याबरोबर हातपाय धुतो, कपडे बदलतो, मगच आईच्या खोलीत जातो. पर्समध्ये सॅनिटायझर असतं. पण नेमकं कशाला महत्त्व द्यायचं ते समजत नाही. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी दुधाच्या पिशव्यासुद्धा साबणाने धुतल्या. आता तेवढं सगळं परत करायचं का? मेट्रोत दांड्याला हात न लावता उभं राहता येत नाही. लिफ्टचं बटण, एटीएम, ऑफिसातल्या पँट्रीचा नळ, रिक्षावाल्याने परत दिलेली नोट... असं मोजायला गेलं तर दर मिनिटाला हात धुवावे लागतील. मेट्रोचा डबा बंद, एसीचा. बसच्या खिडक्या उघड्या, पण गर्दी अंगावर येणारी. दोन्हींतलं कमी वाईट काय? ऑफिसात आम्ही सगळ्याजणी डबे मध्ये ठेवून एकत्र जेवतो, ते थांबवावं का? आणि शनिवारची मंडई?

सगळ्यात अवघड प्रश्न माणसांचा आहे. आई आजारी म्हटल्यावर नातेवाईक भेटायला येणारच. परवा एक काका आले, सगळा वेळ खोकत होते, आईच्या पलंगावर बसले, तिचा हात हातात घेतला. इतक्या मायेने आलेल्या माणसाला उठा कसं म्हणायचं?

ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय, किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया सांगा. डॉक्टरांना विचारतेच आहे, पण ओपीडीत त्यांच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि घरी आल्यावर पन्नास प्रश्न पडतात.

आरोग्यसेविका

ताई, मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी मनावरचं ओझं थोडं उतरवा. काउंट खाली असताना होणाऱ्या जंतुसंसर्गांपैकी पुष्कळसे रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातल्या, तोंडातल्या, त्वचेवरच्या जंतूंमुळे होतात. एरवी हे जंतू काही करत नाहीत. पेशी कमी झाल्या की डोकं वर काढतात. म्हणून उद्या आईंना ताप आला तर तो तुम्हीच मेट्रोतून आणलात असं लगेच समजू नका. आणि म्हणूनच आईंचे स्वतःचे हात, त्यांचं तोंड, शौचानंतरची स्वच्छता याकडे तुमच्या हातांइतकंच लक्ष द्या. मऊ ब्रश वापरा. तोंड आलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा करायला सांगा.

आता तुमचे हात. दांड्याला हात लागला म्हणून कुणी आजारी पडत नाही. तोच हात नाका-डोळ्यांना किंवा तोंडाला लागला तर पडतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं, तर ती मुलं तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होती. शिकणारी मुलं ती, तरी! हे नुसतं ठरवून थांबत नाही. बाहेर मास्क लावला, चष्मा लावला की हात आपोआप अडतो. केस मागे बांधा, म्हणजे बट सारायला हात वर जाणार नाही. एका हाताने दांडा धरायचा आणि चेहऱ्याला खाज आलीच तर दुसरा हात वापरायचा, ही सवय आठवड्याभरात लागते.

दर मिनिटाला हात धुवू नका, त्वचा फुटेल आणि फुटलेल्या त्वचेत जंतू जास्त टिकतात. मेट्रोतून उतरल्यावर सॅनिटायझर, खाण्याआधी साबण, शौचालयानंतर साबण, घरी आल्यावर साबण आणि आईंना औषध-जेवण देण्याआधी साबण. एवढं न चुकता झालं तर पुष्कळ झालं. साबण लावून निदान २० सेकंद चोळायचं. अंगठा, बोटांची टोकं आणि नखांखालची जागा बहुतेकांची राहून जाते. मग हात कोरडे करायचे. ओल्या हातांनी जंतू जास्त सहज इकडून तिकडे जातात. सकाळपासून पर्समध्ये चुरगळलेला ओलसर रुमाल त्यासाठी वापरू नका, वेगळा छोटा नॅपकिन रोज धुतलेला घ्या.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं, बाटलीवर लिहिलेलं असतं. हात वाळेपर्यंत चोळायचं, मध्येच पुसून टाकायचं नाही. पण हात मळलेले किंवा तेलकट असतील तर ते नीट काम करत नाही. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर तर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून जेवणाआधी साबण-पाणीच.

दुधाच्या पिशव्यांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं की वस्तूला हात लागून करोना होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. तो पसरत होता मुख्यतः हवेतून. म्हणून तुमच्या मेट्रो-बसच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: दोन्हीकडे चांगला बसणारा एन-९५ लावा. डबा भरलेला असेल तर एखादी गाडी सोडा. खिडकीची जागा मिळत असेल तर मला उघड्या खिडकीची बस बरी वाटते. मास्क नाकावर दाबून बसवला नसेल तर त्याचा निम्मा उपयोग जातो.

आणखी एक. मेट्रोच्या किंवा इमारतीच्या कामाची धूळ उडत असेल तिथून आईंना नेताना रिक्षाऐवजी काचा बंद करून गाडीने न्या. अशा धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणसाला ते बाधत नाहीत, काउंट कमी असलेल्याला फुप्फुसात त्रास देऊ शकतात.

पर्वतीकर

मी थोडं वेगळं म्हणतो. इतकं निर्जंतुक राहून प्रतिकारशक्ती कमी होते असं ऐकलंय. आमच्या लहानपणी मातीत खेळूनच आम्ही मोठे झालो. मुलाला तरी मोकळं सोडा.

आरोग्यसेविका

पर्वतीकर, मुलाने मातीत खेळावं याला माझी काहीच हरकत नाही. घरात येताना हात धुवावेत इतकंच. पण आजींच्या पेशी औषधाने कमी झाल्या आहेत. जंतू भेटवून त्या वाढत नाहीत, वेळ गेला की वाढतात. तोवर त्यांना जपणं एवढंच आपल्या हातात आहे.

मुलाचा विषय निघाला म्हणून ताईंना सांगते. तो पाच वर्षांखालचा आहे, म्हणजे पल्स पोलिओच्या दिवशी त्याला थेंब द्यायला कुणी ना कुणी बोलावणार. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या त्या लशीत जिवंत, कमकुवत केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. घरात केमोचा रुग्ण आहे हे आधी बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते इंजेक्शनच्या लशीबद्दल बोलतील. तुम्ही दोघांनी आणि मुलाने फ्लूचं इंजेक्शन घ्यायचं का, तेही विचारा. माझ्या मते घरातल्यांनी जरूर घ्यावं.

मंडईवाली

मंडईबद्दल मी सांगते, माझं रोजचं जाणं आहे. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा, गर्दी कमी असते. कापडी पिशवी न्या. बोट जिभेला लावून प्लॅस्टिकची पिशवी उघडायची सवय अनेकांना असते, तो प्रश्नच मिटतो. पैसे यूपीआयने. चिरून ठेवलेली फळं, मोडाची कडधान्यं, उसाचा रस, बर्फाचं काहीही आईंसाठी घेऊ नका. केळं, संत्रं, डाळिंब अशी साल काढायची फळं घ्या, आणि साल काढायच्या आधी फळ वाहत्या पाण्यात धुवा, कारण सुरी सालीवरचं आत नेते. पालेभाजी शिजवूनच.

आणि पाणी उकळूनच. चांगलं खळखळून उकळी फुटली पाहिजे, नुसतं गरम नको. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे, किरकटवाडी-नांदेड-धायरीच्या बाजूला जीबीएसचे (हातापायांतली ताकद जाते त्या गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटातला जिवाणू सापडला होता. आमच्या ओळखीची दोन घरं त्या भागात होती. तेव्हापासून आमच्याकडे टँकर असो की नळ, उकळल्याशिवाय पाणी कुणी पीत नाही.

शंखपुष्पी

ताई, माझ्या मिस्टरांची केमो झाली आहे, म्हणून फक्त भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहिते. बाकीच्यांनी सगळं छान सांगितलंय.

समोर आलेल्या माणसाला परत पाठवणं कुणालाच जमत नाही. म्हणून तो प्रसंग दारापर्यंत येऊच द्यायचा नाही. आम्ही कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यांच्याच नावाने निरोप टाकला: "मला तुमचे फोन हवेत, रोज करा. सर्दी, खोकला, ताप, जुलाब यांपैकी काही असेल, किंवा घरात कुणाला असेल, तर सध्या येऊ नका. बाकीच्यांनी फोन करून या, मास्क लावून बसा." रुग्णाने स्वतः म्हटलं की कुणाला लागत नाही. सुनेने किंवा मुलीने म्हटलं की वर्षभर बोलणी होतात. दाराच्या आत एका स्टुलावर मास्कचं खोकं आणि सॅनिटायझर ठेवलं होतं, वर मोठ्या अक्षरांत "आत येण्यापूर्वी" अशी पाटी. कुणाला काही सांगावंच लागलं नाही. बसायला खिडकीजवळ खुर्ची, पलंगापासून लांब. तिसऱ्या सायकलपासून तर लोक खालूनच फोन करायचे, हे गॅलरीत येऊन बसायचे आणि चांगल्या अर्धा-अर्धा तास गप्पा व्हायच्या.

काकांना तुम्ही एकदा फोन करा. "तुम्ही आलात म्हणून आई दिवसभर खुशीत होती, खोकला बरा झाला की परत या" असं म्हणा. खरंच तसंच असेल ना?

आणि डब्यांचं: एकत्र जेवा, पण तुमच्या डब्यातलं इतरांना वाढताना कोरडा चमचा वापरा, आणि दुसऱ्याच्या ताटातलं, उष्टं घेऊ नका. कुणी शिंकत असेल त्या दिवशी उघड्यावर बसून जेवा. मैत्रिणी तोडू नका, या दिवसांत त्या लागतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जंतू रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातले असतात हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आईलाही वाचून दाखवलं. ग्रुपवरचा निरोप तिने स्वतः बोलून माझ्याकडून टाइप करून घेतला आणि खाली "गाण्याच्या क्लिप पाठवत जा" असं जोडायला लावलं. काकांना फोन केला. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंस, मला कळलंच नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. ताप किती आला की धावायचं? आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तो नेमका तिच्या काउंट कमी असण्याच्या दिवसांत येतोय. आईला गणपती बसायलाच हवा आहे.

आरोग्यसेविका

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी हॉस्पिटलला फोन करायचा. थंडी वाजून कापरं भरलं तर आकडा कमी असला तरी करायचा. आणि विचारल्याशिवाय क्रोसिन-पॅरासिटामॉल द्यायचं नाही, त्याने ताप दबतो आणि आपल्याला कळत नाही. डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरा. तो फ्रिजवर लिहून ठेवा, फोन नंबरही.

गणपती जरूर बसवा. बाहेरच्या खोलीत, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. आरतीला घरचेच, दर्शनाला येणाऱ्यांना वेळा वाटून द्या. आईंना पूजा झाल्यावर गर्दी नसताना बाहेर आणा, मास्क लावून. फुलं, दूर्वा, निर्माल्य त्यांनी हाताळू नये, कलशातलं आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. तीर्थ आणि पंचामृत देऊ नका. कच्चं दूध असतं आणि तासन्‌तास उघडं राहतं. खिरापतीत, पेढ्यांत सगळ्यांचे हात पडतात, तेही नको.

उकडीचा मोदक मात्र वाफेतून काढल्या काढल्या, त्यांच्या वेगळ्या ताटलीत, घरच्याच हाताने द्या. वर घरी कढवलेलं तूप चालेल.